रात्रीची भिंगे

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसले आहे. शहरातील कोणत्याही पेठेत उभे राहून मान वर केली, की किल्ल्याचा लांबट माथा व त्यावरील दूरदर्शनचा उंच मनोरा दृष्टीस पडतो. पावसाळ्यात हा मनोरा ढगांत बुडाला, की साताऱ्याची माणसे छत्री घेतल्यावाचून घराबाहेर पडत नाहीत. शाळेला निघालेली मुले जाता जाता त्याच्याकडे एकदा पाहतातच.

अशाच एका पेठेत एक बारा वर्षांची मुलगी राहत होती, असे समजा. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिच्यासारखी मुले आज गावोगाव आहेत. ही मुलगी रोज सकाळी गच्चीवर जाई, डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात धरी आणि मनोऱ्याकडे पाही. दोन वर्षांपूर्वी, चष्मा नुकताच लागला तेव्हा, उघड्या डोळ्यांनाही मनोऱ्याची रेघ बऱ्यापैकी ओळखू येत असे. मग ती रेघ पुसट झाली. मग तिच्या कडा विरघळल्या. आता मनोऱ्याच्या जागी आकाशाला नुसता डाग पडल्यासारखे दिसे. मुलगी मुकाट्याने चष्मा चढवी व खाली येई. घरात ती याविषयी कोणाशी बोलत नसे.

न बोलण्याला कारण होते. ते घर सैनिकांचे होते. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पणजोबांचे पदक देवघराशेजारी काचेच्या चौकटीत लावलेले. साताऱ्याच्या मातीत ही काही नवलाची गोष्ट नव्हे. याच जिल्ह्यातील अपशिंगे या गावातून पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांपैकी ४६ जवान परत आले नाहीत. गावाला पुढे मिलिटरी अपशिंगे असेच नाव पडले. सैनिकी शाळांपैकी देशातील पहिली शाळा १९६१ मध्ये निघाली, तीही साताऱ्यातच. पूर्वी या वाटेने फक्त मुलगे जात. २०२२ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. ती बातमी आजोबांनी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवली. "आजोबा, मीही जाणार," एवढेच ती म्हणाली. आजोबांनी मान हलवली. परंतु त्यांची नजर क्षणभर तिच्या चष्म्यावर थांबली, हे तिच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही.

सैन्यात चष्मा मुळीच चालत नाही असे नव्हे. तथापि नंबराला मर्यादा असते, आणि ती ओलांडली की मनगटातील जोर व अंगातील हिंमत यांचा काही उपयोग होत नाही. मुलगी हिशेबाला पक्की होती. दहाव्या वर्षी तिचा नंबर पाऊण होता, बाराव्या वर्षी पावणेदोन झाला. म्हणजे दरसाल अर्धा. प्रबोधिनीत जाण्याचे वय सतराच्या आसपास. तोवर तो सव्वाचारावर जाणार! वहीच्या मागच्या पानावर तिने हा हिशेब मांडला होता व त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

नंबर वाढतो म्हणजे नेमके काय होते? साताऱ्याकडील जत्रांतून तंबूतला सिनेमा पुष्कळांनी पाहिला असेल. एका टोकाला यंत्र असते, दुसऱ्या टोकाला पडदा. यंत्राचे भिंग नीट लावले की चित्र बरोबर पडद्यावर उमटते. आता पडदा कोणी चार हात मागे ओढला, तर काय होईल? चित्र जेथे उमटायचे तेथेच, म्हणजे पडद्याच्या अलीकडे, हवेतच उमटेल आणि पडद्यावर नुसते धूसर रंग दिसतील. आपल्या डोळ्याचे असेच आहे. डोळ्याच्या दर्शनी भागी पारपटल नावाची पारदर्शक काच असते, तिच्यामागे भिंग असते, आणि पाठीमागच्या भिंतीवर दृष्टिपटल हा पडदा असतो. जन्माच्या वेळी डोळ्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते. माणूस मोठा होईतो ती सुमारे २४ मिलिमीटर होते आणि तेथे थांबते. काही मुलांच्या बाबतीत मात्र ती वेळेवर थांबत नाही. पडदा मागे मागे सरकत राहतो. जवळची अक्षरे स्वच्छ दिसतात, दूरचा फळा दिसेनासा होतो. यालाच निकटदृष्टिता म्हणतात. डोळा केवळ एक मिलिमीटर अधिक लांबला, तर नंबर अडीच-तीनने वाढतो. निसर्गाचे माप एवढे काटेकोर आहे.

चष्मा या दोषावर उत्तम उपाय आहे, आणि त्याची लाज वाटण्याचे काडीमात्र कारण नाही. परंतु तो करतो काय? यंत्रापुढे आणखी एक काच धरून चित्र पुन्हा पडद्यावर नेऊन टाकतो. पडद्याचे मागे सरकणे साध्या चष्म्याने थांबत नाही. फार लांबलेल्या डोळ्यातील दृष्टिपटल ताणले जाते, पातळ होते, आणि पुढे कधी तरी ते फाटण्याचा किंवा निसटण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांना आज नंबराइतकीच डोळ्याच्या लांबीची काळजी वाटते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील एका पाहणीत शाळेच्या मुलांपैकी शंभरात तेरांना हा दोष आढळला. पूर्व आशियातील मोठमोठ्या शहरांत तर शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांत चष्म्यावाचूनची मुलेच थोडी. आणि २०५० पर्यंत जगातील जवळजवळ निम्मी माणसे निकटदृष्टीची असतील, असा तज्ज्ञांचा अंदाज २०१६ मध्ये जाहीर झाला.

मुलीचे मामा सांगलीला राहत. २०२२ च्या दिवाळीत ते साताऱ्याला आले असता वहीचे ते मागचे पान त्यांच्या हाती लागले. मामा बोलले काही नाहीत; पण जाताना बहिणीला म्हणाले, "सुट्टी आहे तोवर पोरीला सांगलीला पाठव. तिथे डोळ्यांच्या एक डॉक्टरबाई आहेत, त्यांना दाखवू." आजोबा म्हणाले, "मी येतो बरोबर."

एकेकाळी सांगली हा जिल्हा दक्षिण सातारा या नावाने ओळखला जाई. १९६० पर्यंत ते नाव चालू होते. दोन्ही जिल्ह्यांना बांधून ठेवणारी कृष्णा मात्र तेव्हाही होती व आजही आहे. रेल्वेही पुष्कळशी तिच्याच खोऱ्यातून जाते. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशी एकेक स्थानके मागे पडत होती. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू काढलेले होते व त्यांना दूरचे छान दिसे. स्थानकाची पिवळी पाटी दिसू लागली की ते लांबूनच नाव वाचत. नातीने गंमत म्हणून चष्मा काढून त्यांच्याशी पैज लावली आणि प्रत्येक वेळी ती हरली. किर्लोस्करवाडीनंतर तिने पैज लावणे सोडून दिले.

सांगली-मिरजेचा प्रदेश औषधोपचारासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. मिरजेस डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले, तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण या भागाची वाट धरीत आले आहेत. डॉक्टरबाईंचे दालन लहानसेच होते. त्यांनी मुलीला एका यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसवले. यंत्रात प्रकाशाची अनेक वर्तुळे दिसली, आणि क्षणात पडद्यावर तिच्या पारपटलाचा रंगीत नकाशा उमटला. कोठे उंच, कोठे सखल, जणू सह्याद्रीचाच. दुसऱ्या यंत्राने डोळ्याची लांबी मोजली. मग त्यांनी एक लहानशी डबी उघडून तळहातावर दोन भिंगे ठेवली. प्रत्येकाचा व्यास एखाद्या सेंटिमीटरहून किंचित अधिक.

"ही रात्री झोपताना डोळ्यांत घालायची," त्या म्हणाल्या, "आणि सकाळी काढून ठेवायची. दिवसभर चष्मा नको, भिंगही नको. दूरचं स्वच्छ दिसेल."

आजोबा व मामा दोघेही चकित झाले. रात्री, डोळे मिटल्यावर, भिंगाचा उपयोग काय?

या भिंगांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. झुरिच येथील डॉक्टर फिक यांनी १८८८ मध्ये डोळ्यावर बसणारी काचेची भिंगे तयार केली. ती त्यांनी आधी सशांच्या डोळ्यांवर बसवून पाहिली व नंतर स्वतःच्या. ती जड असत व फार वेळ सोसवत नसत. १९४८ च्या सुमारास केवळ पारपटलापुरती लहान अशी प्लॅस्टिकची भिंगे निघाली. ती वापरणाऱ्या काही लोकांना एक चमत्कारिक अनुभव आला. भिंग काढल्यावरही काही काळ चष्म्यावाचून बरे दिसे! कठीण भिंगाने पारपटलाचा उंचवटा किंचित चपटा होत असे. अपघाताने घडणारी ही गोष्ट मुद्दाम घडवून आणता येईल, असे शिकागोचे जेसन यांनी १९६२ मध्ये मांडले. या विद्येला पुढे ऑर्थोकेराटॉलॉजी असे लांबलचक नाव मिळाले. नाव उच्चारताना जीभ अडखळली तरी अर्थ सोपा आहे: पारपटलाला वळण लावणे. परंतु जुन्या प्लॅस्टिकमधून हवा जात नसे. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून मिळतो. मिटलेल्या पापणीखाली तसले भिंग रात्रभर ठेवणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे होते. ज्यातून प्राणवायू सहज पार होतो अशी द्रव्ये सापडली, तेव्हा ही अडचण दूर झाली. आणि रात्री वापरण्याच्या अशा भिंगांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये मान्यता दिली.

भिंगाची घडण युक्तीची असते. मध्यभागी ते पारपटलापेक्षा चपटे, आणि त्याभोवती एक अधिक वळलेले कडे. झोपेत पापणी मिटलेली असते, भिंगाखाली अश्रूंचा पातळ थर असतो. हा थर मध्यभागी पारपटलाच्या वरच्या पेशींना हलकेच दाबतो व कड्याखाली त्यांना जागा करून देतो. सकाळपर्यंत मध्यभाग किंचित पातळ व चपटा झालेला असतो. हा फरक किती? एका केसाच्या जाडीचा लहानसा अंश! तेवढ्यानेही चित्र पुन्हा पडद्यावर येऊन बसते. शिवाय कड्याजवळून आत शिरणारा प्रकाश दृष्टिपटलाच्या कडांपाशी निराळ्या रीतीने एकवटतो, आणि 'आता आणखी लांबू नकोस' असा काहीसा इशारा त्यातून डोळ्याला मिळतो, असे मानले जाते. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांची दोन वर्षे पाहणी झाली. साध्या चष्म्याच्या मुलांचे डोळे सरासरी ०.६३ मिलिमीटर लांबले, रात्रीची भिंगे घालणाऱ्यांचे ०.३६ मिलिमीटर. २०१२ मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले. लांबणे थांबले नाही, मंदावले.

डॉक्टरबाईंनी हे सर्व समजावून सांगितले व शेवटी म्हणाल्या, "घाई नाही. रात्रभर विचार करा आणि उद्या या." किंमत त्यांनी आधीच सांगितली होती. ती हजारांच्या घरात होती, आणि साधारण दरवर्षी नवी जोडी घ्यावी लागणार होती.

त्या रात्री मामांच्या घरी जेवताना एक दूरचे नातलग आले होते. त्यांनी सारी हकीकत ऐकली आणि मांडीवर थाप मारली. "म्हणजे काम सोपंच झालं की! पोरीनं सैन्याच्या तपासणीआधी आठ रात्री ती भिंगं घालायची. सकाळी डोळे स्वच्छ. डॉक्टर तपासणार, सगळं ठीक म्हणणार. कुणाला कळतंय?"

मामा हसले. मामींनी ताटात आमटी वाढली. मुलीने आजोबांकडे पाहिले. आजोबा काही बोलले नाहीत. पण त्या रात्री तिला फार वेळ झोप लागली नाही, कारण नातलगांचे बोलणे तिला आवडले होते. इतके दिवस जी भिंत समोर उभी होती, तिच्यात एकाएकी दार दिसू लागले होते. आपल्याला ते आवडले, हेच तिला खुपत होते.

सकाळी आयर्विन पुलावरून पायी जाताना आजोबा मध्येच थांबले. खाली कृष्णेचे पाणी संथ होते. ते म्हणाले, "लडाखला आमची चौकी होती. प्यायला पाणी हवं तर बर्फ वितळवायचा. तेवढ्यासाठीसुद्धा रॉकेल जपून वापरायचं. हात धुणं वगैरे चैन." एवढे बोलून ते पुन्हा चालू लागले. मुलगीही काही बोलली नाही.

डॉक्टरबाईंसमोर बसल्यावर मात्र आजोबांनी सरळच प्रश्न केला. "बाई, एक विचारतो. रागावू नका. या भिंगांनी तपासणीत फसवता येतं का?"

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "असं पुष्कळजण मनात विचारतात, सुभेदारसाहेब, तुम्ही तोंडानं विचारलंत," त्या म्हणाल्या. "काल तुम्ही तो रंगीत नकाशा पाहिलात ना? ज्यानं ही भिंगं घातली आहेत त्याच्या नकाशात मधोमध एक सपाट वर्तुळ उमटतं. पाहणाऱ्याला ते लगेच ओळखू येतं. पण ते राहू द्या. समजा, कुणी पाहिलंच नाही. मग ही मुलगी चौकीवर जाईल. तिथे भिंगं धुवायचं औषधी द्रव संपेल, दोन-तीन रात्री भिंगं घालता येणार नाहीत, आणि पारपटल आपल्या मूळ आकाराला परत येईल. ही दृष्टी रोजच्या रोज उसनी आणलेली असते. समोरच्या टेकडीवर कोण आहे ते तिला दिसणार नाही, आणि तिच्या मागे झोपलेल्या माणसांना वाटत असेल की पहारेकऱ्याला दिसतंय."

आजोबांनी मान खाली घातली. चौकीचे नाव त्यांनी काढले नव्हते.

मुलीने प्रथमच तोंड उघडले. "मग तपासणी असेल तेव्हा काय करायचं?"

"त्याआधी काही आठवडे भिंगं बंद ठेवायची. डोळ्याला त्याच्या खऱ्या आकाराला येऊ द्यायचं. मग जो नंबर निघेल तो आपला. तो कमी राहावा म्हणून ही भिंगं आहेत. नाहीसा व्हावा म्हणून नाहीत. सैन्याचं दार उघडेल असं वचन मी देत नाही."

मुलीने थोडा वेळ विचार केला. "चालेल," ती म्हणाली.

परंतु डॉक्टरबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. भिंगे देण्याआधी त्यांनी मुलीकडून तीन वेळा हात धुऊन घेतले, कोरड्या स्वच्छ कपड्याला पुसून घेतले, भिंग घालून व काढून दाखवायला लावले. नळाचे पाणी भिंगाला लावायचे नाही. विहिरीचे नाही, उकळलेलेही नाही. नळाच्या, नदीच्या, तलावाच्या पाण्यात अकँथामीबा नावाचा एक सूक्ष्म जीव असू शकतो. भिंगाखाली तो अडकला, तर पारपटल पोखरतो. वेदना असह्य होतात, आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. इतर जंतूही संधीची वाट पाहतच असतात. २००१ च्या सुमारास चीनमध्ये अशी भिंगे पुरेशा देखरेखीवाचून दिली गेली, तेव्हा कित्येक मुलांच्या पारपटलावर जखमा होऊन कायमचे डाग राहिले. अमेरिकेतील एका पाहणीत, दहा हजार मुलांनी वर्षभर ही भिंगे वापरली तर त्यांतील सुमारे १४ जणांच्या पारपटलाला जंतुसंसर्ग होतो, असे आढळले. चौदा ही संख्या लहान आहे. ज्या घरात तो चौदातला एक असेल, त्या घराला मात्र ती लहान वाटणार नाही. डोळा लाल झाला, दुखला, प्रकाश सोसवेना झाला, तर त्या रात्री भिंग घालायचे नाही व डॉक्टरांकडे जायचे.

पहिल्या रात्री डोळ्यांत कुसळ गेल्यासारखे वाटले. मुलगी पालथी मूठ गालाला लावून स्वस्थ पडून राहिली. डोळे चोळायचे नाहीत अशी सक्त ताकीद होती. पहिल्या सकाळी थोडा फरक पडला, दुसऱ्या सकाळी आणखी थोडा. आठवड्याच्या शेवटी ती साताऱ्याला परतली होती. सकाळी भिंगे काढून, धुऊन, डबीत ठेवून ती गच्चीवर गेली. किल्ल्याच्या माथ्यावर मनोरा उभा होता, आणि त्याच्या लोखंडी पट्ट्या एकमेकींपासून निराळ्या दिसत होत्या. तिने आईला हाक मारली, मग आजोबांना, मग शेजारच्या मुलांना. सर्वांनी येऊन मनोऱ्याकडे पाहिले. त्यांना तो रोजच्यासारखाच दिसला. तरी सारे हसत होते.

पुढे या गोष्टीचे नवल ओसरले व काम उरले. रोज रात्री हात धुणे, भिंग तपासणे, थेंब घालणे. रोज सकाळी काढणे, चोळून धुणे, डबी कोरडी करणे. ताप आला तर बंद. माहुलीला संगमावर सारी मुले पोहायला गेली, तेव्हा भिंगे डबीत असूनही ती डोळ्यांत पाणी जाईल म्हणून थोडी भीत असे; डॉक्टरबाईंनी पोहण्याला मनाई केली नव्हती, केवळ भिंगे डोळ्यांत असताना पाण्यात उतरायचे नाही, एवढेच सांगितले होते. दर काही महिन्यांनी सांगलीची फेरी असे.

पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यात एक रात्र अशी आली. दुसऱ्या दिवशी खो-खोचा सामना होता. भिंग घालताना ते बोटावरून निसटले व मोरीत पडले. सापडले; चिरही गेली नव्हती. पण धुण्याच्या द्रवाची बाटली उचलून पाहते तो आत दोन थेंबही नव्हते. नवी आणायची राहून गेली होती. बाहेर पाऊस कोसळत होता. दुकाने केव्हाच बंद झाली होती. आई म्हणाली, "अगं, प्यायचं पाणी आहे ना, उकळून गार केलेलं. त्यात धू आणि घाल. उद्या खेळायचंय तुला." आईचे बोलणे मायेचे होते. मुलगी भिंग तळहातावर घेऊन मोरीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग तिने दोन्ही भिंगे डबीत टाकली, झाकण लावले आणि ती झोपायला गेली. एका रात्रीत सारे बिघडत नाही; सकाळी तिला ठीक दिसत होते. परंतु सामना दुपारी होता, आणि तोवर मैदानाच्या पलीकडच्या टोकाचा खांब पुसट होऊ लागला होता. ती दोनदा चुकीच्या बाजूला वळली. तिचा संघ हरला. मैत्रिणी तिच्याशी दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. त्या दोन दिवसांत तिने आपल्या खाऊच्या पैशांतून द्रवाची एक जास्तीची बाटली आणून कपाटात ठेवली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही भिंगे प्रत्येकाला चालत नाहीत, आणि परवडणारी घरे तर थोडीच. सौम्य ॲट्रोपिनचे थेंब व खास घडणीचे चष्मे असे दुसरेही उपाय निघाले आहेत. त्यांतील कोणता कोणाला द्यायचा, हे डॉक्टरच ठरवू शकतात. परंतु एक उपाय असा आहे, की त्याला पैसा पडत नाही. चीनमधील ग्वांगझाऊ शहरात बारा शाळा निवडून त्यांपैकी सहा शाळांतील लहान मुलांना रोज ४० मिनिटे अधिक वेळ उघड्यावर नेण्यात आले. तीन वर्षांनी त्या शाळांत शंभरातील सुमारे ३० मुलांना नवा दोष जडलेला आढळला. इतर शाळांत सुमारे ४० जणांना. तैवानमध्ये तर २०१० पासून मुलांनी रोज दोन तास उजेडात काढावे, असा शाळांचा प्रयत्न आहे. चष्मा लागण्यापूर्वी हा उजेड अधिक उपयोगी पडतो. डोळ्याला हवा असलेला हा उजेड ढगाळ दिवशीदेखील खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. आपल्याकडे सूर्य काही कमी नाही. शिकवणीचे वर्ग मात्र अधिक झाले आहेत. साताऱ्याच्या त्या मुलीला डॉक्टरबाईंनी भिंगांबरोबर हेही लिहून दिले होते, आणि आजोबांनी ते हुकुमासारखे पाळले. शाळा सुटली की दोघे चार भिंतींच्या बाहेर पडत, आणि अंधार पडेपर्यंत परतत नसत.

२०२५ च्या मे महिन्यात खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी शिक्षण पुरे करून बाहेर पडली. आजोबांनी व नातीने ते संचलन घरी बसून पाहिले. मुलगी आता पंधराव्या वर्षात होती. डोळ्याचा खरा नंबर पाहण्यासाठी डॉक्टरबाईंनी सुट्टीत तिची भिंगे काही आठवडे बंद ठेवायला सांगितली होती, व ती पुन्हा चष्मा लावू लागली होती. मनोरा पुन्हा विरघळला होता. या वेळी तिला त्याची भीती वाटली नाही, असे म्हणणे खरे होणार नाही.

जूनमध्ये ती आजोबांबरोबर सांगलीला गेली. नंबर अडीच निघाला. पूर्वीच्या वेगाने वाढता तर तो तीनला टेकला असता. "सगळं श्रेय भिंगांचं आहे असं मी म्हणणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वयाबरोबर वाढ आपोआपही मंदावते. पण डोळ्याची लांबी थोडीच वाढली आहे. इतक्यात सोडू नको. मध्येच सोडल्यास तो पुन्हा वेग घेण्याचा धोका असतो." अडीच नंबर सतराव्या वर्षी किती होईल, व तेव्हाचे नियम काय असतील, हे कोणी विचारले नाही. नव्या भिंगांची मापे घेऊन झाली.

परतीच्या गाडीत आजोबा खिडकीशी बसले होते. भिलवडी गेले. पाऊस नुकताच पडून गेला होता व उसाची शेते चकाकत होती. बऱ्याच वेळाने गाडीचा वेग मंदावू लागला. मुलीने चष्मा काढून मांडीवर ठेवला. दूर, फलाटाच्या टोकाला, काहीतरी पिवळे दिसत होते.

"सांग बघू, कोणतं स्टेशन?" आजोबांनी विचारले. ते ठिकाण कोणते, हे ज्याने या मार्गाने चार वेळा प्रवास केला आहे त्याला पाटीवाचूनही सांगता आले असते.

मुलीने डोळे बारीक करून पाहिले.

"अजून दिसत नाही, आजोबा," ती म्हणाली. "जवळ आलं की सांगते."